१८ दिवस दक्षिण अमेरिका: पेरूचे डोंगर, पंतनालचं पाणी, की दोन्ही?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. पुढच्या ऑगस्टमध्ये इंदूरहून आम्ही चौघं (दोन जोडपी, वयं ५४ ते ६३) गाइडसोबत पक्षी बघायला दक्षिण अमेरिकेत जायचं म्हणतोय. हाताशी १८ दिवस, त्यातले चार जाण्यायेण्यातच जातील. आजवरची शाळा म्हणजे सिरपूर, यशवंतसागर आणि चोरलचं जंगल. चौघांत एकच जण मांसाहारी.

दोन कंपन्यांकडून कार्यक्रम आलेत.

अ) फक्त पेरू. दिवस १ लिमा. दिवस २ सकाळी विमानाने कुस्को, मुक्काम तिथेच. दिवस ३ पहाटे आब्रा मालागा खिंड, मुक्काम परत कुस्को. दिवस ४ वाकार्पाय तळी. दिवस ५ ते ८ मनू रस्ता (अँडीज डोंगरातून खाली जंगलात उतरणारा). दिवस ९ ते १२ माद्रे दे दिओस नदीकाठचा लॉज. दिवस १३ कुस्को, त्याच संध्याकाळी लिमा, त्याच रात्री परतीचं विमान. "५५० जाती" असं ठळक छापलंय. गट दहा जणांचा, गाइड एक.

ब) पेरू ७ दिवस, मग ब्राझीलचं पंतनाल (विस्तीर्ण पाणथळ प्रदेश) ६ दिवस. "६०० जाती". गट सहा जणांचा.

कुठला घ्यावा? उंचीचा त्रास किती मनावर घ्यायचा? दुर्बिणी ८x४२ आहेत, बदलाव्या का? आणि इथे इंदुरात बसून काय तयारी करता येईल?

खिंडवाट

जातींचा आकडा बाजूला ठेवा. कंपनीला एकच तक्ता मागा: रोज रात्री झोपायची जागा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे. तो तक्ता देता येत नसेल त्या कंपनीकडे जाऊ नका. डोंगरातल्या सहलीचं बरंवाईट या एका रकान्यावर ठरतं.

तुमचा 'अ' त्या नजरेने बघा. लिमा समुद्रकाठी. कुस्को ३,४०० मीटर. विमान सव्वा तासात तुम्हाला शून्यावरून ३,४०० वर टाकतं, तुम्ही तिथेच झोपता आणि दुसऱ्या पहाटे ४,३०० च्या खिंडीत उभे राहता. शरीराला जुळवून घ्यायला जेमतेम एक रात्र मिळते. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्याच दोन दिवसांत होतं, आणि डोकं दुखत असताना दुर्बीण डोळ्याला लावणं किती जड जातं ते वेगळं सांगायला नको. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, त्याचा इथे काही उपयोग नाही. रोज जानापाव चढत असाल तर पाय तयार होतील, उंची मात्र त्याने सोसत नाही. धडधाकट माणसालाही त्रास होतो, उलट तो जोरात चालतो म्हणून जास्त होतो.

हाच कार्यक्रम जागा न बदलता, फक्त क्रम बदलून नीट होतो:

दिवस २: कुस्कोला उतरल्यावर शहरात न थांबता थेट वाकार्पाय. साधारण ३,००० मीटर, तळ्याकाठचा सपाट रस्ता, दम लागत नाही. दुपारनंतर खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात ओयांताइताम्बोला मुक्काम, २,८०० मीटर.
दिवस ३: खोऱ्यातच, निवांत. संध्याकाळी लवकर जेवण.
दिवस ४: आब्रा मालागा, दिवसा वर आणि रात्री परत २,८०० ला झोपायला.
दिवस ५: मनू रस्त्याकडे. अखानाको खिंड ३,५०० च्या आसपास, तिथून रस्ता उतरतच जातो. पहिला मुक्काम वायकेचाला, ३,००० च्या जरा खाली. दुसरा सान पेद्रोला, १,५०० च्या आसपास. मग पिल्कोपाता आणि नदी.

दिवसा चढा, रात्री खाली झोपा. ३,००० च्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका. असेताझोलामाइड (डायमॉक्स) बहुतेक डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून सांगतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हा गोळीचाच परिणाम, घाबरू नका, पण गोळी सकाळी आणि दुपारी चारपर्यंत घेतली तर झोपमोड कमी होते. इंदुरातच दोन दिवस घेऊन बघा. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर गोळी आणि आराम यावर विसंबू नका, लगेच खाली उतरायचं. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, हे कंपनीला लेखी विचारा.

शेवटही धोक्याचा आहे. दिवस १३ ला नदीकाठाहून निघून त्याच रात्री आंतरराष्ट्रीय विमान! मनू रस्त्यावर कोरड्या हंगामातही दरड येते, आणि कुस्कोची विमानं मुख्यतः सकाळी असतात, कारण दुपारनंतर तिथे वारा जोर धरतो. मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. ती लिमाला काढली तर सकाळी पांतानोस दे विया बघून होईल. शहराच्या आतलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतलं) पाणथळ, अगदी आपल्या सिरपूरसारखं.

दहा जणांना एक गाइड हे मनू रस्त्यावर चालून जातं, कारण रस्ता रुंद आहे. पायवाटेवर जात नाही. अँटपिट्टा हा आपल्या नवरंगासारखा लांब पायांचा, आखूड शेपटीचा, जमिनीवर उड्या मारत फिरणारा पक्षी (नातं मात्र दूरचं). तो झुडपाच्या फटीत चार सेकंद दिसतो. पुढच्या तिघांना दिसतो, मागच्या सातांना आवाज ऐकू येतो. सहा ते आठ जणांना एक गाइड हवा, आणि पायवाटेवर पुढचामागचा क्रम रोज बदलतो का तेही विचारा. चांगले गाइड हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात.

पाणकोंबडी

खिंडवाट यांनी डोंगराचं सांगितलंय, मी पाण्याचं सांगते. आधी स्पष्ट मत: चौदा दिवसांत दोन्ही करू नका. लिमाहून साओ पाउलो, तिथून कुइयाबा, मग गाडी, यात दोन पूर्ण दिवस विमानतळावर जातात. 'ब' मधल्या ६०० जाती कागदावरच राहतात.

पाणथळासाठी ब्राझीलला जावंच लागतं असंही नाही. पेरूच्या कार्यक्रमात दोन वेगळी पाणथळं आहेतच.

पहिलं वाकार्पाय. काठाने लव्हाळ्यासारखं उंच, गोल देठाचं तोतोरा गवत. आपल्याला ओळखीचं वाटेल असं बरंच काही: वारकरी (कूट) या पाणपक्ष्याचा अँडियन भाऊ, काळपट पुना शराटी, टिटवीची अँडियन बहीण. पण जायचं ते एका चिमुकल्या पक्ष्यासाठी, ज्याला स्पॅनिशमध्ये 'सिएते कोलोरेस', म्हणजे सात रंग म्हणतात. इंग्रजी नाव मेनी-कलर्ड रश टायरंट. जेमतेम ११ सेंटिमीटर. निळसर काळे गाल, वर पिवळी भुवई, डोक्यात लपलेली तांबडी रेघ, हिरवी पाठ, पिवळं पोट, शेपटीखाली नारिंगी, पंखावर पांढरा पट्टा. नवशिके तोतोऱ्याच्या शेंड्यांकडे बघत राहतात आणि म्हणून त्यांना तो दिसत नाही. तो पाण्यालगत, देठांच्या बुडाशी सरकत किडे टिपतो. जिथे तोतोरा संपून उघडं पाणी सुरू होतं अशा कडेसमोर एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं, दुर्बीण पाण्याच्या रेषेवर धरायची. चालत राहिलात तर तो आत जातो.

दुसरं म्हणजे नदीकाठची 'कोचा', नदीने वळण सोडल्यावर मागे उरलेलं घोड्याच्या नालेसारखं तळं. तिथे दोन होड्यांवर फळ्या टाकलेल्या तराफ्यातून फिरवतात. इंजिन नाही, वल्ही. होआत्झिन इथे हमखास. हा पानं खाणारा पक्षी, आणि पानं त्याच्या अन्ननळीच्या पिशवीत आंबतात, गाईच्या पोटात आंबतात तशी. त्यामुळे जवळ गेलं की शेणासारखा वास येतो. पिल्लांच्या पंखांना नख्या असतात. धोका दिसला की ती पाण्यात उडी टाकतात आणि नख्यांनी फांदी धरत परत वर चढतात. पहाटे साडेपाचला तराफ्यावर असायला हवं. आठनंतर ऊन पाण्यावरून उलटं डोळ्यात येतं.

तरी पंतनालच हवं असेल तर ते स्वतंत्र करा, आणि ऑगस्ट त्यासाठी उत्तम. उन्हाळ्यात यशवंतसागर आटतो तेव्हा उरलेल्या पाण्यावर पक्षी गोळा होतात ना, तेच तिथे फार मोठ्या प्रमाणावर होतं. पोकोनेपासून पोर्तो जोफ्रेपर्यंतचा ट्रान्सपंतनेइरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता, वाटेत शंभरावर पूल. प्रत्येक पुलाखाली डबकं, डबक्यात जबिरू करकोचे, कमळपक्षी, गोगलगायी फोडणारे लिम्पकिन. पूर्ण अंतर एका दिवसात कापणारा कार्यक्रम घेऊ नका. रस्त्यावर किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी मुक्काम हवेत, कारण उत्तरेकडचा भाग कोरडा आणि झाडीचा, दक्षिणेकडचा नदीचा.

हायसिंथ मकाव, एक मीटर लांबीचा निळा पोपट, तिथे ताडाची दोनच प्रकारची फळं फोडून जगतो आणि घरटं जवळजवळ नेहमी मांदूवीच्या झाडाच्या ढोलीत करतो. त्या झाडाच्या बिया पसरवण्याचं मोठं काम करतो टोको टूकान, आणि तोच टूकान मकावची अंडीही खातो. हे नातं माहीत असलं की लॉजच्या अंगणातलं जुनं मांदूवी झाड तास-तास बघण्यासारखं होतं.

पंतनालमध्ये फसगत होते ती थंडीने. दुपारी ३५ अंश असतं म्हणून लोक फक्त सुती कपडे नेतात. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून 'फ्रियाजेम' नावाची थंड हवा येते आणि पारा एका रात्रीत १०-१२ अंशांवर येतो. उघड्या सफारी गाडीत ते फार लागतं. एक स्वेटर आणि वाराबंद जाकीट हवंच. दुसरा प्रश्न वणव्यांचा. २०२० साली पंतनालचा पाव भागाहून जास्त प्रदेश जळला. ऑगस्टच्या उत्तरार्धात धूर असू शकतो, म्हणून रद्द करण्याच्या अटी आधी वाचा.

गोचीड आणि बारीक लाल किडे दोन्हीकडे आहेत. पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर गंधकाची पूड टाका, गवतात बसू नका. डीट (किडे दूर ठेवणारं औषध) २० ते ३० टक्क्यांचं पुरतं. ते हाताला लावून लगेच दुर्बीण धरू नका, डीट रबर आणि प्लॅस्टिक विरघळवतं. तळहात पुसून घ्या, मगच दुर्बीण.

भिंग_आणि_तिपाई

दुर्बीण बदलू नका. मेघजंगलात (डोंगरावरच्या धुक्यातल्या जंगलात) ८x४२, म्हणजे ८ पट आणि ४२ मिलिमीटरचं भिंग, हीच योग्य. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. १०x४२ मध्ये तो ४.२ होतो. धुक्यात, झाडाच्या आतल्या अंधारात हा फरक कळतो. शिवाय ४,३०० मीटरवर श्वास जोरात चालतो, तेव्हा दहापटीत हात हलतो. एकच तपासा: सर्वांत जवळचं किती दिसतं. दोन मीटरच्या आतलं स्पष्ट दिसायला हवं, नाहीतर हमिंगबर्ड समोरच्या फुलावर असताना तुम्हाला मागे सरकावं लागेल.

टेलिस्कोप चौघांत मिळून एकही न्यायची गरज नाही, गाइडकडे असतो. आहे ना, एवढं लेखी विचारा.

बुरशी आणि बाष्प ही खरी कटकट. लॉजच्या थंड खोलीतून दमट हवेत दुर्बीण काढली की आतून-बाहेरून वाफ धरते. पहाटे निघायच्या अर्धा तास आधी पिशवीतच व्हरांड्यात ठेवा, उघडू नका. रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलची १०० ग्रॅमची पिशवी. रंग बदलणारी घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. कॅमेऱ्यासाठी मेघजंगलात आयएसओ ३२०० ते ६४०० ची सवय करून घ्या, नुसता उजेडातला सराव तिथे कामाचा नाही. पॉवर बँक केबिन बॅगेतच. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, १०० च्या आत, त्यामुळे चालते. पेरूत २२० व्होल्ट आहे, आपले चार्जर चालतात, पण पिना वेगळ्या, ॲडॅप्टर न्या.

आता इंदुरात करायची तयारी. सिरपूरला चौघांनी मिळून घड्याळाची पद्धत घोटवा. गाइड "दोन वाजता, वाळकी फांदी, टोकापासून हातभर आत" असं बोलतो. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी, शेंडा बारा वाजता. एकाने सांगायचं, तिघांनी पाच सेकंदांत शोधायचं. मनू रस्त्यावर टॅनेजरांचा (छोट्या रंगीत पक्ष्यांचा) मिश्र थवा येतो तेव्हा पंधरा जातींचे तीस-चाळीस पक्षी झाडातून पाच मिनिटांत निघून जातात. त्या वेळी सगळे बघायला गेलात तर एकही धड दिसत नाही. एका झाडाची एक बाजू धरायची, जो दिसेल तो पूर्ण बघायचा, मग पुढचा. दुर्बीण खाली घेऊन पुस्तक उघडायचं नाही, ते थवा गेल्यावर.

मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमधला पेरूचा संच घरून निघण्याआधीच डाउनलोड करा, मनू रस्त्यावर रेंज नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर सान पेद्रो, वायकेचा, वाकार्पाय या जागांचे ऑगस्टचे तक्ते बघून साठ पक्ष्यांची यादी करा आणि झीनो-कॅन्टो या पक्ष्यांच्या आवाजांच्या साइटवरून त्यातल्या पंचवीसांचे आवाज पाठ करा. आठशे पाठ करायला जाऊ नका, एकही राहत नाही.

आणखी एक. आपल्याकडे शिंजीराला सर्रास हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, शिंजीराशी त्यांचं जवळचं नातं नाही. वायकेचाच्या उंचीवर रात्री पारा खाली जातो तेव्हा हे पक्षी शरीराची भट्टीच मंद करतात. पेरूच्या अँडीजमध्ये केलेल्या मोजणीत काळ्या मेटलटेलचं तापमान रात्री ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं नोंदलं गेलं, आणि सकाळी तो थरथरत तापून उडाला. म्हणून भल्या पहाटे फुलापाशी गुपचूप बसलेला हमिंगबर्ड दिसला तर जवळ जाऊ नका, टॉर्च मारू नका. दचकून उडायला लागणारी ताकद त्याने रात्रभर जपलेली असते.

गाइड पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावतो का, किती वेळ, तेही विचारा. एकदा-दोनदा हळू वाजवून थांबणारा गाइड चांगला. कॉक-ऑफ-द-रॉकच्या नाचाच्या जागी तर काहीच वाजवायची गरज नसते. पेरूचा हा राष्ट्रीय पक्षी सान पेद्रोला पहाटे साडेपाचच्या सुमारास आपणहून जमतो. नर केशरी आणि अंधारातही दिसतो, मादी तपकिरी, ती आली की सगळे नर एकदम ओरडतात. मचाणावर बोलणं आणि फ्लॅश बंद.

टिबुकली_५२

कागदपत्रं आणि पोट, दोन्ही राहिलंय.

पीतज्वराची लस हा तुमचा पहिला निर्णय, तिकिटाच्याही आधी. पेरू आणि ब्राझील दोन्ही भारताच्या यादीत आहेत. परत येताना प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस फक्त अधिकृत केंद्रात मिळते, आरोग्य मंत्रालयाच्या यादीत जवळचं केंद्र बघा आणि आधी वेळ घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. नाव पासपोर्टसारखंच लिहून घ्या.

पण तुमच्यात ६३ वर्षांचं कुणी आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका जास्त असतो. अंड्याची ॲलर्जी किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल तर वेगळाच विचार. फिजिशियनना विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर देशच बदला. चिली भारताच्या यादीत नाही. सांतियागोजवळच्या एल येसो खोऱ्यात दलदलीच्या गवतात डायडेम्ड सँडपायपर-प्लोव्हर दिसतो, आणि तो एकटा सहलीचं सार्थक करतो. फक्त त्यासाठी ऑगस्ट नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा.

अमेरिकेतून विमान बदलत असाल तर तिथला व्हिसा लागतोच, विमानतळाबाहेर पडला नाहीत तरी. काही युरोपीय देशही ट्रान्झिट व्हिसा मागतात. तिकीट काढण्याआधी वकिलातीचा ताजा नियम बघा. विम्यात उंचीची मर्यादा वाचा, ४,५०० मीटरपर्यंत आणि तिथून खाली आणण्याच्या खर्चासकट संरक्षण हवं. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, कोपरा फाटलेली नोट पेरूत कुणी घेत नाही.

शाकाहाराचं: 'सिन कार्ने' म्हणालात तर कोंबडी येते, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. पूर्ण म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो'. सूपबद्दल वेगळं विचारा, किन्वाच्या सूपमध्येही 'काल्दो', म्हणजे रस्सा असतो, आणि तो बहुधा कोंबडीचा. बटाटा, मका, किन्वा, भात, अंडं, ॲव्होकॅडो सगळीकडे. पहाटे चारला निघताना डबा मिळतो त्यात हॅम सँडविच हमखास, आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगा. शेव आणि कोरडे पोहे कंपनीच्या बंद पाकिटात न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. घरचं सुटं बियाणं, फळं, मध नको.

रामबाग_इंदूर

फार उपयोगी. 'अ'च घेतोय, खिंडवाट यांचा क्रम कंपनीला पाठवला. त्यांनी क्रम मान्य केला, गट आठवर आणला, मोकळी रात्र लिमाला दिली. लसीचं उद्या डॉक्टरांना विचारणार. शेवटचे दोन प्रश्न: कोकाचा चहा घ्यावा का, आणि आब्रा मालागाला नेमकं कुठे चालायचं?

खिंडवाट

चहा तिथे प्या, मिळतो सगळीकडे, घोटभर बरं वाटतं, पण गोळीच्या जागी नाही. त्याची पाकिटं परत आणू नका, एकही नाही. कोकाचं पान आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतं. पिसं लावलेल्या वस्तूही घेऊ नका.

आब्रा मालागाला खिंडीतून उतरून पोलिलेपिसच्या झाडीत जातात. तिथे त्याला केन्युआ म्हणतात. तांबूस, कागदासारखी सुटणारी साल, वाकडे बुंधे, शेवाळाने भरलेले. रॉयल सिंक्लोड्स हा अतिशय दुर्मिळ पक्षी तेच शेवाळ चोचीने उचकटत फिरतो, त्यामुळे पक्षी दिसण्याआधी खाली पडणारे शेवाळाचे तुकडे दिसतात. बुंध्यांच्या बुडाशी तेच शोधा. उतरताना छान वाटतं, परतीचा चढ मात्र जीव काढतो. गाइडला विचारा की गाडी खालच्या बाजूला येऊन उभी राहू शकते का. येत नसेल तर जितकं उतराल त्याच्या तिप्पट वेळ चढायला धरा, वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा. प्रत्येकी दीड लिटर पाणी, हातमोजे, कानटोपी. पहाटे बर्फाळ गारवा असतो आणि दहाला ऊन चटके देतं, म्हणून एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. ६३ वर्षांच्या काकांना किंवा काकूंना त्या दिवशी जड वाटलं तर खिंडीजवळच्या रस्त्याकाठीच थांबू द्या, तिथल्या ओलसर गवतातही बघण्यासारखं पुष्कळ असतं. एकटं मात्र ठेवू नका, ड्रायव्हर सोबत हवा आणि गाडी जवळ हवी.